सगळ्यांत कमी आग

एका कापसाच्या गावी नगरपालिकेत एक भोळा खरेदी अधिकारी होता. नाव नथ्थूसाहेब बोरसे. वीस वर्षांत त्यांनी काहीच खरेदी केलं नव्हतं, त्यामुळे चूकही झाली नव्हती. म्हणून ते सगळ्यांत ज्येष्ठ.

गावातल्या जिनिंग कारखान्याला दर उन्हाळ्यात आग लागायची. सरकी, गाठी, सगळी राख. यंदा तरी कापूस वाचावा म्हणून मुख्याधिकारी गोगटेबाईंनी अग्निशमनाचं सामान घ्यायला सांगितलं.

नथ्थूसाहेब उठले आणि समोरच्या दुकानातून शिडी घेऊन आले. बाई कडाडल्या, "एकाच दुकानातून? अहो, तीन मागवायचे, सगळ्यांत कमी असेल ते घ्यायचं!"

नथ्थूसाहेबांनी डायरीत लिहून घेतलं.

मग पाइप घ्यायचा होता. तीन आले. एक शंभर फुटी, एक साठ, एक दहा. साहेबांनी दहा फुटी घेतला. बंबावरचा हिरामण वाघ पाइप हातात धरून म्हणाला, "साहेब, याच्यानं तुळशीला पाणी घालू का?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "बोरसे, वस्तू आधी वापरून बघायची, मग सही करायची!"

हेही डायरीत गेलं. पुढच्या आठवड्यात आग विझवायची बारा नळकांडी आली. साहेबांनी बाराही वापरून बघितली. कचेरीत गुडघाभर फेस झाला. मग रिकामी नळकांडी भिंतीला टांगून प्रत्येकावर चिठ्ठी लावली: 'तपासले. उत्तम.'

बाई आता रडायच्याच बाकी होत्या. "बोरसे, हात जोडते. तो पहिला नियम आठवतो ना?"

"तीन मागवायचे, सगळ्यांत कमी ते घ्यायचं."

"तेवढाच पाळा. दुसरं डोकं चालवू नका."

नवा बंब बाईंनी स्वतःच घेतला आणि त्या प्रशिक्षणाला निघून गेल्या. कारभार कोणाकडे? अर्थातच ज्येष्ठ माणसाकडे.

तिसऱ्याच दिवशी हिरामण धापा टाकत आला. "साहेब, जिनिंग पेटली! बंब काढतो, सही द्या!"

साहेबांनी चष्मा पुसला. "एकच आग? बाकीच्या दोन कुठं आहेत?"

"साहेब, कापूस जळतोय हो!"

"जळू दे. नियम म्हणजे नियम."

साहेब स्वतः बाजारात फिरले. एक आग हलवायाच्या भट्टीत सापडली, एक गजू चहावाल्याच्या स्टोव्हमध्ये. परत येऊन त्यांनी तिन्ही आगींचा तक्ता केला, खाली रेघ मारली आणि झोकात सही ठोकली. घंटा वाजवत बंब निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गजू मात्र पाण्याच्या फवाऱ्यानं किटलीसकट गटारात जाऊन पडला.

संध्याकाळी बाईंचा घाबराघुबरा फोन आला. "बोरसे, आग विझली का?"

"विझली, मॅडम. एका मिनिटात."

"देव पावला! आणि जिनिंग?"

"त्यांची आग फार जास्त होती, मॅडम. नामंजूर केली. पुढच्या वेळी कमी घेऊन या, असं लेखी कळवलंय."