शिंतोड्याचा वैरी

वेळणगडच्या भैरवराजांच्या लाडक्या घोड्याचा डोळा पुन्हा सुजला, आणि पुन्हा एक माणूस कोठडीत गेला!

घोड्याचं नाव शिंतोड्या. पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे ठिपके, जणू कुणी शाईच झटकली आहे. राजांचा त्याच्यावर भारी जीव. पण मधूनच त्याचा उजवा डोळा लाल व्हायचा, घळाघळा पाणी गळायचं, बुबुळावर निळसर धुकं चढायचं. उजेड म्हणून सोसायचा नाही. मग ते आपोआप निवळायचं. सगळे हुश्श करतात न करतात, तोच पुन्हा सुरू!

पागेचे वैद्य सांगून थकले, "महाराज, कुणी मारल्याची खूण नाही. दुखणं आतूनच उठतंय."

"आतून? आत कोण बसलंय? कुणीतरी वैरी माझ्या घोड्याचा डोळा फोडायला टपलाय!"

आधी वैरण टाकणारा गडी कोठडीत गेला. डोळा पुन्हा बिघडला. मग पहारेकरी आत गेला. डोळा पुन्हा बिघडला! आता पाळी आली म्हाताऱ्या खंडोजी मोतद्दाराची. शिंतोड्या शिंगरू होता तेव्हापासून त्याला खरारा करणारा हा माणूस.

खंडोजीची मुलगी भागू पागेला गवत पुरवायची. तिनं डोक्यावरचा भारा दरबाराच्या पायरीवर टाकला आणि थेट आत आली.

"महाराज, माझ्या बापानं हे केलेलं नाही!"

"मग कुणी केलं? शोध तू! त्या वैऱ्याच्या मुसक्या बांधून त्याला माझ्यासमोर उभा कर. नाही जमलं, तर तुझा बाप राज्याबाहेर!"

"आणते की! पण गर्दीत चोर सापडत नाही, महाराज. शिंतोड्याला वेगळ्या ठाणात बांधा, दाराला कुलूप घाला आणि किल्ली आपल्या कमरेला लावा. दाणापाणी, खरारा, झाडलोट, सगळं आपण स्वतः करायचं."

"झाडलोटसुद्धा?"

"केरसुणी मी आणून देते!"

राजे हट्टाला पेटले होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लीद उचलली. एका हातानं नाक दाबून, दुसऱ्या हातानं टोपली सावरत. शिंतोड्या त्यांच्या पागोट्याचा शेमला चघळत उभा. पण डोळा कसा लख्ख राहिला! दाराबाहेर भागू दिसली की राजे मिशीवर ताव देत म्हणायचे, "बघितलंस? माझ्या पहाऱ्यात वैऱ्याची छाती होत नाही!"

"बरं झालं, महाराज. आज कोपऱ्यातलं राहिलंय बघा झाडायचं."

आणि एका सकाळी राजांनी कुलूप काढलं, तर शिंतोड्या भिंतीकडे तोंड करून उभा. डोळा मिटलेला, गालावरून पाण्याची धार! भागूला बापासाठी हायसं वाटलं आणि मुक्या जनावराची कणव आली.

दरबार भरला. राजे गरजले, "कुठाय वैरी?"

भागू शिंतोड्याला दोरीनं धरून हळूच आत घेऊन आली. त्याच्या तोंडाला बैलाचं मुसकं बांधलं होतं आणि दुखऱ्या डोळ्यावर ओल्या फडक्याची झापड.

"मुसक्या बांधून आण म्हणालात ना? घ्या!"

"हा माझा घोडा आहे!"

"महाराज, आपला कायदा काय? घोड्याजवळ जो होता, तो गुन्हेगार. कुलपाच्या आत दोघंच होते. एक आपण, एक हा. आता आपण सांगा, आणू कुणाला?"

राजांनी नकळत आपलीच मनगटं चाचपली, जणू मुसक्या तिथेच आवळल्यात.

"मी माझ्या शिंतोड्याला मारीन होय? आणि तो तरी स्वतःच्या डोळ्याला कशाला मारील?"

"तो नाही मारत, त्याचे शिपाई मारतात. वैद्यबुवा, सांगा की!"

वैद्य पुढे झाले. "महाराज, रोग अंगात शिरला की त्याला हाकलायला शरीर आपली फौज धाडतं. याची फौज चुकून याच्याच डोळ्यावर धावते."

"ही कसली फौज! वैरी सोडून आपल्याच माणसावर तुटून पडते? अगदी बिनडोक!"

"बिनडोक कशाला म्हणता, महाराज?" भागू गोड आवाजात म्हणाली. "राखण करायच्या काळजीनं आंधळी झालीय बिचारी. घरचाच माणूस चोर वाटतो तिला. मग आधी वैरणवाल्याला धरते, मग पहारेकऱ्याला, मग म्हाताऱ्या मोतद्दाराला…"

मग राजांचं पोट हललं, खांदे हलले, आणि ते असे खदखदून हसले की शिंतोड्यानं कान टवकारले!

"सोडा रे त्या तिघांना! आणि वैद्यबुवा, त्या फौजेला फटके कसे द्यायचे?"

"फटके नाही, महाराज. तिला शांत करायचं. डोळ्याला सावली, औषधाचे थेंब, आणि डोळा जरा लाल दिसला की लगेच मला हाक. पुरतं बरं होईल असं वचन मी देत नाही, पण डोळा वाचवायची धडपड करू."

"करूच! पोरी, आता इनाम माग!"

भागूनं आपल्या अवघडलेल्या मानेवरून हात फिरवला. "महाराज, घोडे खातात आणि भारे वाहते मी. पागेतल्या एखाद्या जनावरानं माझा भारा वाहिला तर?"

राजांना पुन्हा हसू फुटलं. संध्याकाळी खंडोजी कोठडीतून घरी आला, तर अंगणात पागेतली तांबडी घोडी उभी. पाठीवर भलाथोरला भारा, आणि भाऱ्यावर भागू!