राखणदारीण सुगंधा आणि रत्नघटाचा शाप

एका राज्यात दरबारची गुपितं कागदावर लिहीत नसत. ती मैनेच्या कानात सांगत, पिंजऱ्यावर काळं वस्त्र टाकत आणि पिंजरा मैनामहालात टांगत. वस्त्र कधी उचलणार नाही, अशी शपथ राखणदारीण सुगंधाने बेलभंडार उचलून घेतली होती.

एके साली तळेवाडीची माणसं पायांपासून दगड होऊ लागली. पापं केलीत, आता भोगा, अशी दवंडी राजाने पिटवली. निलाजरेपणाची कमाल पाहा! महाल झाडताना सुगंधाने मैनेची कुजबुज ऐकली होती. मांत्रिकाच्या समाधीतला रत्नघट राजानेच चोरला होता आणि त्याचा शाप मंत्र टाकून तळेवाडीवर वळवला होता. चोराने चोरी कबूल करून घट डोक्यावरून परत नेला, तरच शाप उतरणार होता.

सुगंधा प्रधानाकडे गेली. त्याने कानांवर हात ठेवले. राजगुरूकडे गेली. त्याने शपथेची आठवण करून दिली. तिसऱ्यांदा ती राजासमोरच उभी राहिली, तर त्याने गप्प राहण्यासाठी तिच्यापुढे मोत्यांचा कंठा धरला. तोवर वाडी कमरेपर्यंत दगड झाली होती.

सुगंधाचं डोकं फिरलं. त्या मैनेचा पिंजरा भर बाजारात नेऊन तिने वस्त्र ओढलं आणि मैना घडाघडा बोलली. पण शेजारच्या मैना एकमेकींचं ऐकून पाठ करतात, हे ती संतापात विसरली. शत्रूच्या गोटात राहणाऱ्या सोमाजी हेराचं नावही मैनेने सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी सीमेवरून सोमाजीचं नुसतं मुंडासं परत आलं.

दरबार भरला. वाडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चौकशी सगळी शपथ का मोडली याची!

"वस्त्र मी उचललं," सुगंधा म्हणाली. "वाडीसाठी पुन्हा उचलीन. सोमाजीचा जीव माझ्या माथी आहे, त्याची शिक्षा मी मागते. महाराज, आपल्या माथी काय आहे, ते आपण बोला."

राजाने तिला धरण्याचा हुकूम सोडला. एकही भालदार हलला नाही. दाराशी सारी नगरी येऊन उभी होती. अखेर राजाने चोरी कबूल केली आणि घट डोक्यावर घेऊन तो अनवाणी समाधीकडे चालला. घट जागेवर बसला नि तळेवाडीची माणसं चालू लागली. प्रजेच्या जिवावर बेतणारं गुपित मैनेच्या पिंजऱ्यात दडवायचं नाही, असा कायदा त्याच दिवशी झाला.

वाडीकरांनी सुगंधासाठी पालखी आणली. ती पायीच सोमाजीच्या घरी गेली आणि त्याच्या बायकोपुढे हात जोडून उभी राहिली.

"तळेवाडी माझं माहेर," ती बाई म्हणाली. "माझी माणसं तू वाचवलीस आणि माझा धनी तू घालवलास. माझ्याकडे क्षमा मागू नकोस."

"मागत नाही, वहिनी," सुगंधा म्हणाली, आणि तिच्या तोंडून शिक्षा ऐकायला उंबऱ्याबाहेर बसून राहिली.