तासातासाचा निरोप

"म्हणजे आता त्यांच्यात काहीच उरलं नाही?" दाऊदबाबांनी विचारलं.

"काहीच नाही," रेगे म्हणाले.

प्रद्युम्न रेगे, निवृत्त राजदूत. पश्चिमेकडची राष्ट्रं आणि त्यांच्यासमोर दंड थोपटून उभी असलेली ती मोठी सत्ता, या दोघांत मध्यस्थी करायला पुन्हा बोलावलेले. असल्या माणसांना निवृत्त होऊनही घरी बसवत नाही. टेकडीवरच्या या दर्ग्यात ते दाऊदबाबांकडे वीस वर्षं येत होते, आणि वीस वर्षं स्वतःच बोलत होते.

आजही सगळं सांगून झालं. यांनी त्यांचे चाळीस अधिकारी हाकलले, त्यांनी यांचे एक्केचाळीस. एक विमान पाडलं गेलं. वकिलातींना कुलपं लागली. सामुद्रधुनीत दोघांची जहाजं तोफा रोखून उभी होती. भांडणारे सगळे सत्तरीचे, जहाजांवरची पोरं विशीतली. हे शेवटचं मात्र रेग्यांनी सांगितलं नाही.

बाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

रेग्यांनी खिशातून पत्र काढलं. उद्या सकाळी ते पश्चिमेकडे जायचं होतं. त्यात त्यांचा सल्ला होता: दोन राजधान्यांमधली थेट संदेशांची शेवटची तार, तीही तोडा. मग समोरचे आपणहून धावत येतील.

"यावर हात ठेवा, बाबा."

बाबांनी ठेवला नाही.

"काहीच उरलं नाही म्हणालास. मग ही तार कसली?"

रेगे हसले. तिला काय धरायचं, म्हणाले. तिच्यावर कोणी बोलतच नाही. तार जिवंत आहे ना, एवढं बघायला दर तासाला एक मजकूर जातो. सम तासाला यांचा, विषम तासाला त्यांचा. मिळाला, असं समोरचा कळवतो. बस्स. राजकारणाचा एक शब्द नसतो त्यात. परवा यांनी पाणकोंबडी घरटं कसं बांधते ते पाठवलं. तिकडून आलं, बर्फात घोडा कसा हाकावा.

"निव्वळ वेडेपणा."

बाबांचा हात शेंगेवर थांबला.

"माणसं हाकलली, त्या दिवशी?"

"त्या दिवशीही गेले."

"किती?"

"चोवीस."

"आणि विमान पाडलं, त्या दिवशी?"

"...चोवीस."

"कधी चुकलं, बेटा?"

"चाळीस वर्षांत... नाही."

बाबा उठले. नमाजाला अजून तासभर होता. तरी ते हौदावर गेले. हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला, पाय धुतले. वजू करून, टोपी सारखी करून ते परत आले आणि रेग्यांसमोर गुडघे मोडून बसले.

रेगे मागे सरकले. त्यांच्यासमोर बाबा असे कधी बसले नव्हते.

"आता पुन्हा सांग," बाबा म्हणाले. "पाणकोंबडीचं."

रेग्यांनी सुरुवात केली. ती लव्हाळी वाकवते... पाण्याच्या वर...

बाबा मान खाली घालून ऐकत होते. दाढीतून पाणी ठिबकत होतं. वजूचंच असावं.

पत्र रेग्यांच्या मांडीवर तसंच होतं.

"बाबा... याचं काय करू?"

बाबांनी पत्राकडे पाहिलंही नाही.

"माझ्या दिवसाला पाचच वेळा असतात, रेगे. त्यांतलीही एखादी चुकते. ते चोवीस कशा सांभाळतात, तेवढं माझ्यासाठी विचारून ये."