आधीवर

बाहेरची माणसं त्याला रानद्राक्ष म्हणतात. म्हणोत बापडी. द्राक्षासारखे घड लागतात खरे, पण दोन दाणे खाल्ले की घसा असा खवखवतो, की माणूस द्राक्षाचं नाव विसरतो. कारवीवाडीत या वेलाला आधीवर म्हणतात. ते नाव फळावरून पडलेलं नाही. ते खेवजीबाबाच्या वैतागावरून पडलं.

मीठ कोकणातून डोक्यावर यायचं, तेव्हाची ही गोष्ट. कारवीवाडीची माणसं हिरडा घेऊन घाट उतरायची आणि मीठ घेऊन चढायची. वाट उभ्या कड्यातली. सगळ्यांच्या पुढे खेवजी चालायचा. त्याच्यामागून गेलेला माणूस कधी चुकला नाही, असं म्हणतात. उन्हाळ्यात झरे आटले की तो याच वेलाचं पाणी माणसांना पाजायचा. मनगटाएवढा जाड वेल बघायचा. आधी हात पोचेल तिथं वर तोडायचा, मग खाली बुडाशी. मधला तुकडा तोंडावर धरला की पाणी गळतं. उलटं केलं, तर वेल सगळं पाणी वर ओढून घेतो आणि हातात कोरडं लाकूड राहतं. एवढंच. शेंबड्या पोरालाही समजेल.

खेवजीच्या जावयाला समजेना.

जावई लुमाजी, खालच्या पठारावरचा. मनानं चांगला, अंगानं रेडा, आणि तोंड म्हणजे भिंगरी. जन्मभर त्यानं बाजरी कापलेली. जे उभं दिसेल ते बुडातून कापायचं, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक. आणि कारवीवाडीची रीत अशी, की जावयाला अरे म्हणायचं नाही. जावयावर आवाज चढवला तर घरची बरकत जाते. मग सासरा बोलणार तरी काय?

पहिल्या खेपेला खेवजी म्हणाला, "जावईबापू, वेलाला अगोदर वर कोयता लागला तर बरं असतं म्हणतात."

"बरं असतं ना मामा! बरंच असतं," लुमाजी म्हणाला, आणि त्यानं बुडाशी घाव घातला.

दुसऱ्या खेपेला खेवजीनं दात आवळले. "जावईबापू, आमची जुनी माणसं वरून सुरुवात करायची."

"जुन्या माणसांची गोष्टच वेगळी, मामा," असं म्हणून त्यानं पुन्हा बुडाशीच घाव घातला.

तिसऱ्या खेपेलाही तेच. खेवजी वळणाआड गेला आणि त्यानं एका धोंड्याला पोटभर शिव्या दिल्या. धोंडा तडकला, असं म्हणतात. दाखवतात अजून.

पुढच्या वैशाखात खेवजीची लेक, लुमाजीची बायको ठमी, खेपेला आली. सगळे नको म्हणत होते तरी आली, हट्ट बापावर गेलेला. चढताना कडा तव्यासारखा तापला होता. झऱ्यात ओल नव्हती. अर्ध्या वाटेवर ठमीच्या पायांतलं बळ गेलं. मीठ सांडलं, ती बसली, मग आडवी झाली. ओठ पांढरे पडले. "बा, पाणी," एवढंच म्हणाली आणि बोलायची थांबली.

खेवजीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्या साली वणव्यानं रान खाल्लेलं. आसपास दोनच वेल उरले होते.

"तुम्ही उठू नका मामा, मी आणतो!" लुमाजी कोयता घेऊन धावला. धावला आणि पहिल्या वेलाच्या बुडाशी घाव घातला. लाकूड कोरडं.

खेवजीच्या कपाळाची शीर उडायला लागली. तरी रीत ती रीत. तो म्हणाला, "जावईबापू, जरा... जरा वर बघा."

लुमाजीनं आभाळाकडे पाहिलं. "काही नाही मामा. एक ढग नाही बघा."

आणि तो दुसऱ्या वेलाशी वाकला. बुडाशीच. कोयता लागला, वेल अर्धा चिरला. ठमीची मान बापाच्या मांडीवरून कलली.

"अरे गाढवा, आधी वर! आधी वर तोड! आधी वर!"

असं म्हणतात, त्या आरोळीनं कड्यावरची गिधाडं उठली ती तीन दिवस खाली बसली नाहीत. कोकणात गुरांनी दावी तोडली. आणि चिरलेल्या वेलातून वर निघालेलं पाणी भिऊन वाटेतच थांबलं. लुमाजी इतका दचकला, की उडी मारून त्यानं वर घाव घातला आणि त्याच झपाट्यात खाली. मग जे पाणी सुटलं! ठमी प्याली, सगळे ओझेवाले प्याले, तरी वेल गळतच होता.

ठमीनं डोळे उघडले. पहिलं बोलली ते हे: "बा, जावयाला असं बोलतात होय?"

खेवजीला उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. जन्माचा आवाज त्या एका आरोळीत गेला होता. पुढे तो पुष्कळ वर्षं जगला, पण एक शब्द बोलला नाही, असं म्हणतात. आणि लुमाजी गावोगाव सांगत फिरला, "मामांनी पहिल्याच खेपेला असं नीट सांगितलं असतं तर!"

घराची बरकत काही गेली नाही. ठमीला सात लेकरं झाली.

तेव्हापासून वाडीत कुणी रानद्राक्ष म्हणत नाही. आधीवर फुलला, आधीवराला घड आले, असंच बोलतात. आता मीठ दुकानात मिळतं. पण वैशाखात, त्या वर्षीच्या नव्या जावयाला घाटात नेतात, हातात कोयता देतात आणि वेलाखाली उभा करतात. मग सासऱ्यानं खेवजीबाबाचं नाव घेऊन त्याला अरे-तुरे करत खणखणीत शिवी घालायची. सासरा हळू बोलला, तर म्हातारी माणसं ती शिवी पुन्हा घालायला लावतात. मगच जावयानं कोयता उचलायचा. पहिलं पाणी लेकीला.