चूळ

“पण चूळ कशाला भरायची, आजोबा?” अनुजानं विचारलं.

“दुसऱ्याचं बोलून झालं की आधी चूळ भरायची. मग आपलं पाणी प्यायचं,” लालसू महाका म्हणाले. “माझ्या गुरूनं सांगितलं होतं.”

लालसू आजोबा एकतीस वर्षं कोर्टात दुभाषी होते. आरोपी माडियात बोलायचा, ते मराठीत सांगायचे. अनुजा कोरेवार ही मास्तरांची मुलगी. वडिलांच्या नोकरीमुळे आमच्याच भागात वाढली, माडिया शिकली. आता तीच जागा तिला मिळत होती. होकार की नकार, उद्या कळवायचं होतं.

दुपारची वेळ होती. मी त्यांचा शेजारी, त्यांच्या अंगणात मोहाची फुलं निवडत होतो.

“मला पाच भाषा येतात,” अनुजा म्हणाली. “मी बाजूला राहते. शब्द माझ्यातून जातात. नळातून पाणी जातं तसे.”

“नळ ओला होतो, पोरी.”

ती हसली. “तुमच्या वेळी असेल तसं.”

आजोबा सरसावून बसले.

“चैतूची जबानी सांगतो,” ते म्हणाले. “माझी शेवटची केस. तू मराठी कर.”

त्यांनी डोळे मिटले आणि माडियात एक वाक्य बोलले.

“तो म्हणतो, की तो नदीवर गेला,” अनुजा म्हणाली.

“कोर्टात असं चालतं?”

“नाही. तिथं ‘मी’ म्हणावं लागतं.”

“मग म्हण.”

ती ताठ बसली. “मी नदीवर गेलो. भाऊ पाण्यात होता. आमचं शेतावरून भांडण होतं.”

आजोबा हळू बोलत होते. ती मागोमाग सांगत होती. अडखळत नव्हती. मी फुलं निवडायचं विसरलो.

“मी काठावर उभा राहिलो. भावानं हात वर केला. मला वाटलं, थट्टा करतो...”

एवढं बोलून आजोबा थांबले.

अनुजा थांबली नाही.

“थट्टा नव्हती. मला कळलं होतं. वेल माझ्या हातातच होता, लांब, मजबूत. मी तो टाकला नाही. त्यानं मला लहानपणीच्या नावानं हाक मारली. मग मी वेल गुंडाळला. नीट गुंडाळला. आणि घरी जाऊन जेवलो.”

आंब्यावरचा कावळा उडून गेला.

“पुढं सांगा ना,” अनुजा म्हणाली. “का थांबलात?”

“मी केव्हाच थांबलो.”

“कुठं?”

“थट्टेपाशी.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

“चैतू कोर्टात तेवढंच बोलला होता,” आजोबा म्हणाले. “सुटला तो. वेलाचं कोणाला बोलला नाही. मलाही नाही. त्याला जाऊन दोन वर्षं झाली...”

“मग वेलाचं मला कसं...”

बाजूला पाण्यानं भरलेला भोपळ्याचा तुंबा होता. तिनं तो उचलला, तोंडाला लावला आणि घटाघट प्यायली. पाणी हनुवटीवरून ओघळलं.

“चूळ...” आजोबांचा हात पुढं आला होता. तो तसाच हवेत राहिला.

“काहीतरी सुचलं असेल मला,” तुंबा खाली ठेवत ती म्हणाली. हसली. “उगाच घाबरवता माणसाला. पण जमतं ना मला? सांगा, घेऊ ना नोकरी?”

आजोबा बराच वेळ तिच्या हातांकडं बघत राहिले. मीही बघितलं. ती बोलता बोलता काहीतरी गुंडाळत होती. हातात काही नव्हतं.

ते उठले. जुन्या ओळखीचं माणूस दारात आल्यावर जोडतात, तसे हात जोडले. मग फार मायेनं म्हणाले,

“बस, चैतू... पोरगी कुठं ठेवलीस?”