पहिला घास कोणाचा?

देवझरीच्या राजाला नौकाविहाराची लहर आली आणि गावाचा ओढा अडवायचा हुकूम सुटला. मोठे तळे बांधायचे, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या टाकायच्या, मधोमध नाव सोडायची आणि नावेत राजे मानाजीराव लोळणार. वाड्यात लोळायला जागा कमी होती असे नाही.

ओढ्याखाली सिदोजीचा पानमळा होता. पानवेलीला रोज पाणी लागते. ओढा अडला की मळा जळणार, हे सांगायला जोशी नको होता. सिदोजी तडक दरबारात गेला आणि राजाच्या तोंडावर बोलला, "महाराज, ही नुसती चैन आहे."

दरबारातले पुराणिकबुवा लगेच पुढे सरसावले. "चैन तुझ्यासारख्यांची रे! तू दुपारी झोपलास तर तो आळस. महाराज झोपले तर ती विश्रांती. तू चार लाडू खाल्लेस तर खादाडपणा, महाराजांनी वीस खाल्ले तर रसिकता. या तळ्याला विलास म्हणावे, विलास."

बुवांचे पोट अशा शब्दांवरच भरायचे. चांगलेच भरले होते. धोतराची गाठ दिसत नव्हती.

राजाला मात्र राग आला नाही. तो उलट फुगला. "असू द्या, बुवा. चैन तर चैन. माझ्याइतकी करून दाखवा म्हणावं कोणी! चैन म्हणजे काय? उत्तम असेल ते, आणि सगळ्यांच्या आधी. सिदोजी, माझ्याहून जास्त चैन करणारा माणूस या राज्यात दाखव. दाखवलास तर तळं रद्द. पौर्णिमेपर्यंत सापडला नाही, तर मळा सोडून चालता हो."

सिदोजी घरी आला आणि ओट्यावर मटकन बसला. त्याची मुलगी गोजरा पाने पुसून टोपलीत रचत होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"असा माणूस आणू कुठून?" सिदोजी म्हणाला. "सोन्याच्या पिकदाणीत थुंकतो तो. त्याच्या वरचढ कोण असणार?"

"आबा, लांब जायला नको," गोजरा म्हणाली. राजाच्या विड्याची पाने रोज तीच वाड्याच्या मुदपाकखान्यात पोचवायची. "उद्या मी येते बरोबर. तुम्ही फक्त गप्प राहा. जमत नाही तुम्हाला, पण बघा प्रयत्न करून."

दुसऱ्या दिवशी ती बापाला घेऊन नेमकी जेवणाच्या वेळी वाड्यावर गेली. राजा पाटावर बसला होता. समोर चांदीचे ताट, ताटात पुरणपोळी. बाजूला पुराणिकबुवा पंक्तीला होतेच.

"आणलास माणूस?" राजाने विचारले.

"आणायला कशाला हवा, महाराज?" गोजराच म्हणाली. " तो इथंच आहे. पण आधी अभय द्या. मला आणि त्यालाही."

"दिलं."

गोजराने बोट दाखवले. राजाच्या ताटाशेजारी एक गुबगुबीत माणूस मिशीचे तूप पुसत बसला होता. भिवजी त्याचे नाव. राजाचे अन्न आधी चाखायचे, एवढेच त्याचे काम.

सगळे हसले. बुवा म्हणाले, "पोरी, अगं हा चाकर!"

"असेल. भिवजीदादा, आजची पोळी कशी होती?"

भिवजीने राजाकडे पाहिले. अभय मिळाले होते. "तव्यावरची होती. टम्म फुगलेली. तूप ओतलं ते आतपर्यंत मुरलं."

"आणि महाराज, आपली?"

राजाने ताटात पाहिले. वाड्याची रीत अशी होती की भिवजीने आधी खायचे, मग सगळ्यांनी वाट बघायची. विषाने तो आडवा पडला नाही, तर राजाने जेवायचे. तोवर पोळीचे कातडे झाले होते. वर तूप गोठून पांढरे पडले होते.

"पुरणपोळी थंडच असते," राजा म्हणाला.

भिवजीने पुन्हा मिशी पुसली.

"नसते?"

"नाही, महाराज," भिवजी हळूच म्हणाला.

गोजरा थांबली नाही. "थंडीत आपली गादी कोण उबवतं? हुजऱ्या. म्हणजे उबेतली पहिली झोप त्याची. अत्तराचा पहिला फाया कोणाच्या कानात? आंब्याची पहिली फोड कोणाच्या तोंडात? माझ्या टोपलीतलं कोवळं पान रोज भिवजीदादा चघळतो, राहिलेली तुम्हाला. काल तुम्हीच सांगितलंत, उत्तम असेल ते आणि सगळ्यांच्या आधी. मग चैन कोणाची? आमच्याकडे दारातल्या भिकाऱ्यालासुद्धा उष्टं वाढत नाहीत. तुम्ही जन्मभर चाकरांचं उष्टं खाताय."

बुवा ताडकन उठले. "उष्टं काय म्हणतेस? प्रसाद म्हण, प्रसाद!"

"भिवजीदादाचा प्रसाद? मग उद्यापासून त्याच्या पाया पडून जेवायला बसा, बुवा."

राजाच्या पोटातून हसू फुटले. पाटावरून कलंडेपर्यंत तो हसला. डोळे पुसत म्हणाला, "तळं रद्द! ओढ्याचं पाणी पिढ्यान्पिढ्या मळ्याला. नावेसाठी आणलेलं सागवान सिदोजीच्या दारात टाका, घर बांधू दे त्याला. आणि पोरी, तू आजपासून माझ्या पंक्तीला बस."

"नको, महाराज. आम्ही चुलीपुढं जेवतो. भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. ती चैन सोडून इथं कोण बसेल?"

राजा उठला. आयुष्यात पहिल्यांदा मुदपाकखान्याचा उंबरा ओलांडून आत गेला. आचारी नको नको म्हणत असताना त्याने तव्यावरची पोळी उचलली आणि तोंडात कोंबली. जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आले. पण तोंडातला घास काही त्याने सोडला नाही.

"बुवांना वाढा," भाजलेल्या जिभेने तो आतूनच ओरडला, "माझं ताट! सांगा, विलास आहे म्हणून!" आणि पुन्हा हसत सुटला.