रखमाजीचा फोड आणि येसाबाईची कानस

फार मागे, हिवरगावात पिण्याची विहीर एकच होती तेव्हाची ही गोष्ट. ती विहीर आपल्या आजाने खणली, असं पाटील म्हणू लागला. गावात सगळ्यांत म्हातारा रखमाजी गुरव. त्याने देवीचा भंडारा उचलून शपथ घेतली, "विहीर गावाची आहे." आणि आठ दिवसांत त्याच्या जिभेला फोड आला.

झालं! खोट्या शपथेने तोंड येतं हे हिवरगावात तान्ह्या पोरालाही ठाऊक. रखमाजीने जाईचा पाला चावला, तूप लावलं, उपास केले. फोड हलेना. पंचांनी ठरवलं, की पुनवेपर्यंत फोड गेला नाही तर विहीर पाटलाची. गावाने मान डोलावली. तहानेपेक्षा शास्त्र मोठं.

रखमाजीला भाकरी गिळवेना, पण त्याहून वाईट म्हणजे त्याला स्वतःचीच शंका येऊ लागली. विहीर गावाने खणली, हे लहानपणी ऐकलेलं आपण चुकीचं तर ऐकलं नाही?

बाजाराच्या दिवशी हिवराच्या झाडाखाली येसाबाई बसायची. दात काढणं हा तिचा धंदा. असं म्हणतात, की माणसाने जांभई दिली तरी ती त्याची दुखरी दाढ सांगायची.

"आ कर," रखमाजी पुढ्यात बसताच ती म्हणाली.

"बाई, मी खोटं बोललो नाही गं."

"ते जिभेवर दिसत नसतं. आ कर, आणि देवीला म्हण जरा बाजूला सर, उजेड येऊ दे."

तिने जीभ बाजूला ओढून पाहिली. "फोड जागा बदलतो का?"

"नाही. इथंच, कडेला."

"उष्णतेचे फोड आज इथं, उद्या तिथं. हा घर करून बसलाय. म्हणजे शेजारी कुणीतरी छळतंय." तिने दाढेवरून बोट फिरवलं नि झटकन मागे घेतलं. बोटातून रक्त आलं. "सुपारी दाढेनं फोडतोस ना, मेल्या? टवका उडालाय. सुरीसारखी धार आहे."

तिने कानस काढली आणि दाढ घासली. असं म्हणतात, की त्या वेळी देवळातली घंटा आपोआप वाजली. दोरी कुणी ओढली ते कुणी पाहिलं नाही, कारण सगळं गाव रखमाजीच्या तोंडात पाहत होतं.

"पुनवेपर्यंत भरेल," ती म्हणाली. "नाही भरला, तर माझ्याकडे येऊ नकोस. बैलगाडी जुंप आणि शहरातला मोठा दवाखाना गाठ. न भरणाऱ्या फोडाशी मी खेळत नाही."

रखमाजी रोज आरशात जीभ बघायचा. पुनवेला पंचांनी पाहिली. नुसता फिका डाग होता. विहीर गावाची राहिली. येसाबाई पुढे कुठे गेली कुणास ठाऊक. असं म्हणतात, की तिने कानस त्या विहिरीत सोडली, म्हणून पाणी कधी आटत नाही.

अजून हिवराखाली यात्रेच्या दिवशी सगळे 'येसाबाईचा आ' करतात. एकमेकांची तोंडं उजेडात तपासतात. ज्याचा फोड दोन बाजार उलटूनही भरलेला नसतो, त्याची गाडी त्याच दिवशी तालुक्याला दातांच्या डॉक्टरकडे जाते. निवडणुकीला उभे राहणारेही इथे येऊन आ करतात. त्यांची तोंडं दरवेळी स्वच्छ निघतात, आणि खोटं बोलण्याने फोड येत नाही हे गावाला नव्याने पटतं.